काय करायलीस?

विळी बॅगेत घालायची की नाही यावर आमच्या घरी दोन दिवस वाद चालला. ह्यांचं म्हणणं, अमेरिकेच्या विमानतळावर ती हत्यार म्हणून काढून घेतील आणि वर तुलाच बाजूला उभं करतील. माझं म्हणणं, मी काय हातातल्या पिशवीत नेणार आहे? शेवटी घडीची विळी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली, वरून पुठ्ठा बांधला आणि डिंक, खारीक, अळीव, बाळंतशोपा, येसर, दोन किलो शेंगदाण्याची चटणी यांच्या मधोमध सरकवली. २३ किलोच्या दोन बॅगा. लातूरहून हैदराबाद, तिथून विमानं बदलत ओहायो. वाटेत कुणी तिच्याबद्दल चकार शब्द विचारला नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, असा आमच्याकडचा रिवाज. सातव्या महिन्यात लेक आणायची, सव्वा महिना झाला की बाळंतविडा देऊन पाठवायची. ही लेक माझ्या पोटात होती तेव्हा किल्लारीचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. माझं सासर औसा तालुक्यातलं. पुढं कितीतरी रात्री आम्ही अंगणात, उघड्यावर काढल्या. मला जेमतेम पाचवा लागला होता, पण अंबाजोगाईहून भाऊ जीप घेऊन आला आणि सातव्याची वाट न बघता मला घेऊन गेला. येताना रस्त्यात त्यानं काय पाहिलं ते त्यानं आजतागायत सांगितलेलं नाही. माहेर तेव्हा दोन-अडीच तासांवर होतं आणि गरज पडली की ते दारात येऊन उभं राहायचं.

लेकीचं माहेर तेरा-एक हजार किलोमीटरवर. तिला आणणं जमणार नव्हतं, म्हणून माहेरच बॅगांत भरून निघालं. पासपोर्टावर सहा महिन्यांचा शिक्का पडला. अशा सहा महिन्यांच्या आया अमेरिकेत गल्लोगल्ली आहेत, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

बाळंतपणाचं सांगत बसत नाही. सगळं नीट झालं. नातू झाला, आणि तिसऱ्या दिवशी आम्ही घरी. तिथं साध्या बाळंतपणाला विमा कंपनीनं दवाखान्यातले निदान ४८ तास तरी द्यावेत असा कायदा आहे, १९९६ चा. म्हणजे त्याआधी त्याहून लवकर घरी पाठवत होते म्हणायचं. ओल्या बाळंतिणीच्या हातात नर्सबाईंनी बर्फ घातलेल्या पाण्याचा मोठा पेला दिला तेव्हा मी पुढं होऊन तो काढूनच घेतला. ती बाई गोड हसली आणि दुसरा घेऊन आली. घरी ओव्याची धुरी द्यावी म्हणून तव्यावर ओवा टाकला, तर छताला लावलेल्या यंत्रानं असा टाहो फोडला की बाळ, बाळंतीण आणि जावई तिघंही एकदम उठले. त्यानंतर धुरी बंद. शेकायला रबराची पिशवी.

पण सांगायचंय ते पुस्तकांचं.

सव्वा महिना झाल्यावर दुपारी घर शांत असायचं. मायलेकरं झोपलेली, जावई कामावर. कोपऱ्यावर सार्वजनिक वाचनालय. लेकीच्या कार्डावर हवी तेवढी पुस्तकं मिळायची, तीही फुकट. मी ३१ वर्षं मराठी शिकवलं. इंग्रजी वाचते, पण बैलगाडीच्या चालीनं. म्हटलं, आपल्या बायका परदेशात कशा राहतात ते कुणीतरी लिहिलं असेलच. तिथल्या बाईंनी तीन पुस्तकं समोर ठेवली. तिन्ही कथासंग्रह, तिन्ही बायकांचे आणि तिघीही बंगाली. भारती मुखर्जींचा ‘द मिडलमन अँड अदर स्टोरीज’ १९८८ चा, चित्रा बॅनर्जी दिवाकारुणींचा ‘अरेंज्ड मॅरेज’ १९९५ चा आणि झुंपा लाहिरींचा ‘इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज’ १९९९ चा. शेवटच्याला पुढच्याच वर्षी पुलित्झर मिळालं, हे मुखपृष्ठावरच छापलेलं. परदेशी गेलेल्या बाईचं दुःख म्हटलं की इंग्रजीत ती बहुधा मासळीच खाते, असं माझ्या मनात आलं. भाकरी थापणारी कुणी त्या तिन्ही पुस्तकांत मला भेटली नाही.

लाहिरींच्या त्या संग्रहात मिसेस सेन नावाच्या बाईची कथा आहे. नवरा विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक, ही घरी. शाळा सुटल्यावर अकरा वर्षांच्या एका गोऱ्या मुलाला सांभाळते. तिच्याकडं कलकत्त्याहून आणलेलं एक हत्यार आहे. फळीला बसवलेलं, वर वाकलेलं पातं. रोज दुपारी ती वर्तमानपत्रं अंथरून जमिनीवर बसते आणि त्यावर ढीगभर भाजी चिरते. ते पातं कसं दिसतं, त्यावर हात कसा चालतो हे सांगायला लेखिकेला बऱ्याच ओळी खर्चाव्या लागल्यात. मी वाचता वाचता मोठ्यानं म्हटलं, अगं, ही तर विळी!

मग कितीतरी वेळ पुढचं वाचवेना. इंग्रजी वाचणाऱ्याला ते एक अजब, जरासं भीतीदायक हत्यार वाटत असणार. मला त्यात माझ्या आजीचं उजवं पाऊल दिसलं, फळीवर दाबून धरलेलं. जी गोष्ट इतक्या ओळींत तिथल्या लोकांना समजावून सांगितली, ती माझ्यासाठी एका शब्दाची होती. आणि तो शब्द त्या पुस्तकात कुठंच नव्हता.

पुढं ती त्या मुलाला सांगते, की माहेरी लग्न निघालं की आई संध्याकाळी निरोप धाडते. आसपासच्या सगळ्या बायका आपापलं पातं घेऊन येतात, गच्चीवर गोल करून बसतात आणि हसत-खिदळत रातभर पन्नास किलो भाजी चिरतात. त्या आवाजात झोप लागणं मुश्किल. आमच्याकडं भावकीतल्या बायका विळ्या घेऊन येतात, येताना विळीला स्वतःच्या खुणेचा दोरा बांधून, नाहीतर दुसरीची बरी विळी घेऊन जाणाऱ्याही असतात. मांडवात कांदा चिरता चिरता कुणाच्या सुनेचं काय आणि कुणाच्या जावयाचं काय, सगळं निघतं. शिवाय येसर कुटणं. येसराच्या आमटीवाचून आमच्याकडं लग्नाची पंगत उठत नाही. मिसेस सेन मात्र एकटी बसते, एवढ्या भाज्या चिरते आणि खाणारी माणसं दोन. ती त्या पोराला विचारते, मी आत्ता इथं जोरात किंचाळले तर कुणी येईल का? त्याला सरळ उत्तर देता येत नाही. मला तरी कुठं येत होतं? आमच्या लेकीच्या त्या गल्लीत दुपारी दोनला चिटपाखरू नसायचं. सगळी दारं बंद आणि प्रत्येक दारापुढं एक गाडी.

गंगाखेडची जनाबाई पोरवयात पंढरपूरला परक्या घरी गेली. परक्या घरात दळताना सोबतीला कुणी नव्हतं, तर लोकांनी साक्षात विठ्ठल तिच्या जात्याच्या खुंट्याला लावला. इतकी माया आमच्या लोकांनी त्या एकट्या बाईवर केली. मिसेस सेनला सोबतीला एक अकरा वर्षांचं पोर मिळालं. तेही पुढं राहत नाही.

दिवाकारुणींच्या एका कथेवर मात्र माझं भांडण आहे. लग्न होऊन कॅलिफोर्नियाला गेलेली मुलगी, नवरा दुकान चालवतो, घरात सासू-सासरे. नवरा चांगला. हिनं शिकावं, नोकरी करावी, असं त्याच्या मनात. एके रात्री दुकानात दरोडा पडतो आणि तो मारला जातो. सासू-सासरे परत निघतात आणि ही ठरवते, की आपण नाही जायचं. कथा सुरेख आहे. रंगीत कपड्यांतून पांढऱ्या साडीकडं ज्या पद्धतीनं ती जाते ते वाचून मला भरून आलं. पण त्या कथेत मागं राहिलेला देश म्हणजे फक्त ती पांढरी साडी. परतली की मान खाली घालून सासऱ्यांना चहा द्यायचा आणि असंच मरायचं. आमच्या शेजारच्या बाईंचा नवरा गेला तेव्हा त्या बत्तीसच्या होत्या. आज खताचं दुकान त्यांचंच आहे आणि उधारी थकवणाऱ्याच्या बांधावर जाऊन त्या वसुली करतात. अंगावर हिरवी साडीच असते. सगळ्यांचं असं झालं असं मी म्हणत नाही. आमच्याच जिल्ह्यात नवऱ्यानं कर्जापायी औषध प्यायल्यावर सातबाऱ्यावर नाव लावून घ्यायला चपला झिजवणाऱ्या बायका मी पाहिल्यात. पण निघून गेलेल्या माणसाचा देश तो ज्या वर्षी निघाला त्या वर्षीच थांबतो, आणि कथेतही तो तसाच येतो. इथल्या बायकाही तेव्हापासून चालतायत, हे विमानात बसलेल्याला दिसत नाही.

मुखर्जींच्या कथेत उलटं आहे. बाई शिकायला एकटीच न्यूयॉर्कला आहे आणि नवरा अहमदाबादहून पाहुणा म्हणून येतो. तो मुक्काम संपवून परत जाईल, ती राहील. हे वाचून मला जरा मजा वाटली. आमच्याकडं जोडीचा हिशेब वेगळा. बीड-परळीकडून ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोला मिळून मुकादमाच्या वहीत एक ‘कोयता’ म्हणतात, उचल कोयत्यावर मिळते आणि एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. माझ्या लेकीचा व्हिसाही तसलाच, नवऱ्याच्या व्हिसाला टांगलेला. त्याच्या एच-वनला हिचा एच-फोर. पुण्यात चार वर्षं सॉफ्टवेअरची नोकरी केलेली पोर, तिथं तिला पगाराचं काम करायला बंदी. मे २०१५ पासून काही जणींना परवानगी मिळते, पण नवऱ्याचा ग्रीनकार्डाचा अर्ज एका ठरावीक टप्प्याला पोचलेला असावा लागतो. आमच्या जावयांचा अजून पोचायचाय. उसाच्या फडातल्या बाईला दिवस भरले तरी काम सुटत नाही आणि हिला हात-पाय धड असून काम करता येत नाही. दोन्हींची तुलना करू नये, कळतं मला. पण मोजणारा जोडीच मोजतो, एवढं मात्र दोन्हीकडं सारखं.

संध्याकाळी बाबागाडी घेऊन मी बाहेर पडायचे. वळणावर तशीच बाबागाडी घेऊन दुसरी एक येताना दिसायची, निजामाबादकडची. तिला तेलुगू, मला मराठी. पहिल्या दिवशी नुसतं हसलो. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “ठंड बहुत है ना जी? कायकू बाहर निकले?” मी जागच्या जागी थांबले. हे तर आमचं हैदराबादी बोलणं! माझे वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले. १९४८ ला पोलीस ॲक्शन झाली, १९५६ ला राज्यं वेगळी झाली, पण ‘हौ’ आणि ‘नक्को’ दोन्हीकडं राहून गेले ते राहूनच गेले. ओहायोच्या बर्फात आम्ही दोघी म्हाताऱ्या निजामाच्या भाषेत सुनांची नि लेकींची गाऱ्हाणी करत फिरायचो. तिची लेक नोकरी करणारी. तिच्या कंपनीनं बाळंतपणाची पगारी रजा जेमतेम काही आठवडे दिलेली, पुढची बिनपगारी. कायद्यात मोठ्या कंपन्यांना फक्त १२ आठवड्यांची रजा बंधनकारक, तीही बिनपगारी. “मेरी बच्ची दूध का डब्बा लेके आफिस जाती,” ती म्हणायची. अशा बाईवर त्या तीन पुस्तकांत एकही कथा नव्हती. लेकीच्या घरी परक्या चुलीवर सहा महिने रांधणारी, गाडी येत नाही, पैसे हातात नाहीत, नातवाला सांभाळते आणि शिक्का संपायच्या आत निघून जाते. पुस्तकात आई असते ती पत्रात, फोनवर, नाहीतर कॅसेटवरच्या आवाजात. ती स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली की बहुधा लेखिकेची पंचाईत होत असावी.

डिसेंबरच्या शेवटी येळवस आली. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला येळवस म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी एवढंच, की त्या अमावस्येला अख्खं गाव शेतात असतं. कडब्याची कोप करायची, आत पांडव मांडायचे, भज्जी, उंडे, आंबील, आणि दिसेल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. शेतात दुपारचा एक म्हणजे आमच्याकडं रात्रीचे अडीच. बाळ जागंच होतं. दिरांच्या पोरानं शेतातून व्हिडिओ लावला. लेक पलंगावर उशीला टेकून बसलेली. फोन वाजला तसे तिनं केस मागं सारले, दिवा लावला आणि चेहरा हसरा केला. “अय्या, काकू, भज्जी! मलाबी द्या की! अगं छान चाललंय आमचं. बर्फ पडलाय मस्त, दाखवू का?” दहा मिनिटं नुसता खळखळाट. सगळ्यांना बाळ दाखवलं, खिडकीतून बर्फ दाखवला. फोन ठेवला. दिवा बंद केला.

आणि तो चेहरा उतरला. अंगावरचं लुगडं सोडून घडी घालावी तसा.

सहा वर्षं मी फोनच्या पलीकडं होते. अलीकडं बसायची ही पहिलीच वेळ. लातूरहून दर रविवारी मी विचारायची, “काय करायलीस?” आणि ती म्हणायची, “काही नाही गं, आत्ताच बाहेरून आले.” ती कुठून बाहेरून येत होती?

त्या पुस्तकातली मिसेस सेन गाडी चालवायला घाबरते. तिथं गाडी नाही तर पाय नाहीत. लेकीच्या दारात तर दुसरी गाडी उभी होती आणि मी आल्यापासून ती जागची हलली नव्हती. बाळंतपण आहे म्हणून, असं मी धरून चालले होते. कथा वाचली नसती तर मी कधी विचारलंच नसतं. लातूरला अकरावीपासून स्कुटी पळवणारी, औसा रोडवर ट्रकांच्या मधून काढणारी पोर ती. अंधारातच विचारलं, “गाडी का चालवत नाहीस गं?”

बराच वेळ काही नाही. मग सांगितलं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत बर्फावरून गाडी घसरली, गोल फिरली, खांबावर आदळली. कुणाला लागलं नाही. पण तेव्हापासून किल्ली हातात घेतली की हात थरथरतात. पावणेदोन वर्षं झाली. घरातच असायची. फोनच्या आधी बूट घालून दारात जाऊन यायची, म्हणजे “बाहेरून आले” हे खोटं होऊ नये.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू रातभर देवापुढं बसली असतीस. आणि तू मला कुठं सगळं सांगितलंस?” तिचा आवाज चढला, बाळ दचकलं. “बाबांची अँजिओप्लास्टी झाली ती मला तीन महिन्यांनी कळली. तीही मावशीच्या तोंडून.”

खरं होतं. मी हैदराबादच्या दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून तिला “काही नाही, बाजारात आले होते” म्हणाले होते. मागं गलका होता तो बाजाराचा समजून तिनं विचारलं होतं, मेथी कशी जुडी? मीही भाव सांगितला. त्याआधी २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा ही पुण्यात होती. टीव्हीवर सगळा देश बघत होता आणि मी तिला सांगायची, आपल्या बोअरला आहे हो. बोअर कधीच आटलं होतं.

तीन संग्रह वाचून जे ध्यानात आलं नव्हतं ते त्या रात्री आलं. परदेशी गेलेल्या बाईची पहिली गोष्ट तीच रचते, आठवड्याला एक, फोनवर. पात्रं ठरलेली, शेवट ठरलेला, सगळं ठीक. आणि तिची आई ती नुसती ऐकत नसते. तीही इकडून तसलीच रचत असते. मेथीचा भाव घालून खरी करत असते. आम्ही दोघी सहा वर्षं एकमेकींना कथा सांगत होतो आणि दोघींनाही वाटत होतं, फसवतो ते आपणच.

उजाडेपर्यंत बोललो. काही रडलो, काही हसलो. भूकंपाच्या वेळचं मीही पहिल्यांदाच सांगितलं, की अंगणात झोपताना मी पोटावर हात ठेवून तिला काय काय म्हणत होते. पहाटे तिनं विळी मागितली. स्वयंपाकघरातल्या उंच ओट्यावर ती चालत नाही, म्हणून मी आल्यापासून जेवणघराच्या कोपऱ्यात खाली बसून चिरायची. ती खाली बसली. टाके नुकते भरलेले, मांडी घालता येईना, एक पाय लांब करून बसली. बटाटा, गाजर, घेवडा, जे होतं ते चिरलं. बेसनात भज्जी केली. वाल नव्हते, ओल्या तुरी नव्हत्या, आंबीलही दुकानातल्या दह्यातली. जावई उठून आले तर दोघी जमिनीवर आणि भोवती सालींचा पसारा. बिचारे काही न विचारता चहा ठेवायला गेले.

एप्रिलमध्ये शिक्का संपला, मी परतले. विळी तिथंच ठेवली. नातू रांगायला लागल्यापासून ती फ्रिजवर चढलीय, असं कळतं.

परवाचा रविवार. लातूरला मे महिना, नळाला पाणी यायला दहा-दहा दिवस. फोन आला. “काय करायलीस?”

“काही नाही, बसले.”

“पाणी आलं?”

‘आलं’ तोंडावर आलं होतं. “नाही गं. आज अकरावा दिवस. काल टँकर घेतला.”

पलीकडं जरा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग ती म्हणाली, “मी आज गाडी काढली. वाचनालयापर्यंतच. येताना थांबवून रडले थोडी.”

“बर्फ होता?”

“नव्हता गं. मे महिन्यात कुठला बर्फ? चांगलं ऊन होतं.”